मर्टलच्या आईची चाळीस मिनिटं

मित्रांनो, टेबलाच्या कडेला, बिस्किटांच्या पुड्यांच्या पलीकडे जो काळा ठोकळा दिसतोय ना, तो मी. जुना टेपरेकॉर्डर. तुमच्यापैकी एकाने मघाशी मला टोस्टर समजून माझ्या झाकणात बोट घालून पाहिलं. मला त्याचा राग नाही. माझ्या वयाच्या मंडळींना आता लोक काहीही समजतात.

कार्डिफच्या या रविवारच्या मराठी शाळेत मला ईशिताने आणलंय. बाईंनी 'घरातली एक जुनी वस्तू' आणायला सांगितली होती. ईशिता उभी राहील, माझं वजन, रंग आणि वय सांगेल आणि टाळ्या घेऊन बसेल. पण माझ्या पोटात जी कॅसेट आहे तिची गोष्ट तिला पुरती ठाऊक नाही, म्हणून ती मीच सांगतो. ती गोष्ट माझी कमी आणि मर्टल ऑगस्टीन नावाच्या एका बाईची जास्त आहे. त्या गोष्टीत एक मोठी चूक आहे, आणि त्या चुकीत माझाही हात आहे. हात कसला, डोकंच आहे.

म्हणजे असं की मला दोन डोकी आहेत. एक पुसणारं आणि एक ऐकणारं. लाल बटण दाबलं की फीत आधी पुसणाऱ्या डोक्यावरून जाते. तिच्यावर आधी जे काही असेल ते साफ होतं, आणि मग ऐकणारं डोकं नवा आवाज लिहून घेतं. म्हणजे मी जे पुसतो ते मला स्वतःलाही ऐकू येत नाही. हे नीट लक्षात ठेवा. आणखी एक गंमत. कॅसेटच्या मागच्या कडेला टिकलीएवढा प्लॅस्टिकचा तुकडा असतो. ईशिताची आजी सुनीती त्याला टिकलीच म्हणते. ती टिकली मोडली की तिथे खळगा होतो. माझ्या आत एक बारीक बोट आहे, ते हा खळगा चाचपतं. खळगा लागला की मी लाल बटण खाली जाऊच देत नाही. मोडलेली टिकली म्हणजे 'हे पुसू नका', एवढं मला जन्मजात कळतं.

सुनीती आणि तिचे यजमान डॉक्टर पुरुषोत्तम पुण्याहून कार्डिफला नवे नवे आले तेव्हा त्यांनी मला विकत घेतलं. तेव्हा परदेशी फोन करणं परवडत नसे. सुनीती स्वयंपाकघरात मला समोर ठेवून पुण्याला आपल्या आईशी बोलायची. इथली थंडी, शेजारीण, पोराचं बोबडं बोलणं, सगळं कॅसेटमध्ये भरून पोस्टाने जायचं. महिन्याभराने तिच्या आईची कॅसेट यायची, त्यात निम्मा वेळ लोणच्याची कृती आणि निम्मा वेळ 'जेवतेस ना नीट?' माझं मराठी तिथलं. पुढे फोन स्वस्त झाले आणि मी जिन्याखालच्या कपाटात गेलो. इस्त्रीच्या टेबलामागे मी किती वर्षं पडून होतो ते मोजलं नाही. पण कोणी कपाट उघडलं की माझ्या स्पीकरची जाळी शहारायची, आणि दर वेळी व्हॅक्यूम क्लीनरच बाहेर जायचा.

सुनीती इस्पितळात सेक्रेटरी होती. डॉक्टर लोक टेपवर पत्रं बोलायचे आणि ती कानाला यंत्र लावून ती टाइप करायची. निवृत्त झाली आणि पंधरा दिवसांत घरात चिडचिड करू लागली. एक दिवस लायब्ररीतून आली ती कोट न काढताच बोलू लागली.

'अहो, नोटीसबोर्डवर कार्ड होतं. ऑडिओ टायपिस्ट हवीये, पुस्तकासाठी. ट्राय करून बघू का?'

'अगं, आत्ताच तर रिटायर झालीस!'

'रिटायर झाले म्हणून बोटं काय मफलरमध्ये गुंडाळून ठेवू?'

अशी ती शहरातल्या ग्रेंजटाउन भागात एका अरुंद घराच्या दारात जाऊन उभी राहिली. दार उघडलं ते सहा फूट उंच, काळ्याभोर, जांभळा रेनकोट घातलेल्या बाईने. आवाज खर्जातला, पुरुषासारखा. सुनीती क्षणभर गडबडली. इस्पितळात तिने असल्या पेशंटची पत्रं टाइप केली होती, पण पत्र टाइप करणं वेगळं आणि समोर चहा पिणं वेगळं. तिने चाचरत विचारलं, 'तुम्हाला... मी काय म्हणू?'

'कार्डावर लिहिलंय तेच म्हण,' बाई म्हणाल्या. 'मर्टल. आणि दार लाव, उबदार हवा बाहेर चाललीये.'

मर्टलचा स्वतःचा टेपरेकॉर्डर मरणपंथाला लागला होता. दुसऱ्या खेपेला सुनीतीने मला कपाटातून काढलं, फडक्याने पुसलं आणि तिच्याकडे उसनं नेलं. मित्रांनो, त्या दिवशी मला जो आनंद झाला तो सांगून कळायचा नाही. पुन्हा कोणीतरी माझ्याशी बोलणार होतं!

मर्टलला लिहिता येत नव्हतं असं नाही, पण अक्षरं तिच्यासमोर जागेवर थांबत नसत. लहानपणी शाळेत कोणी त्याची चौकशी केली नाही. काळी पोर, मठ्ठ असेल, असं म्हणून मागच्या बाकावर बसवली. म्हणून ती पुस्तक बोलायची. सकाळी चहाचा कप माझ्या डाव्या बाजूला ठेवायची, चपला काढायची आणि खिडकीकडे बघत बोलू लागायची. तिचं सगळं आयुष्य मी असं ऐकलं.

तिचे आईवडील कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरून आलेले. वडील जहाजावर, आई इस्पितळाच्या लाँड्रीत. कार्डिफच्या गोदीजवळच तिचा जन्म झाला. जन्मल्यावर सगळ्यांनी तिला मुलगा म्हटलं आणि एक नाव दिलं. ते नाव मी सांगणार नाही, मर्टल मला कधी माफ करणार नाही. एकोणिसाव्या वर्षी, एका रविवारी, तिने स्वतः शिवलेला फ्रॉक घातला आणि आई चर्चमधून यायच्या वेळी दाराशी उभी राहिली. आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर आई याच शहरात पुष्कळ वर्षं राहिली, निवृत्त झाली आणि बेटावर परत गेली. निरोप घ्यायलासुद्धा आली नाही.

मर्टल मात्र दाराशी रडत बसली नाही. बेकरीत कामाला लागली, आणि दर मंगळवारी आपल्या स्वयंपाकघरात मोठं पातेलं चढवू लागली. तिच्यासारखीच घराबाहेर काढलेली माणसं यायची, जेवायची. मोर्चांत ती असायची, पण गोऱ्यांच्या मोर्चात तिला मागचा फलक मिळायचा आणि स्वतःच्या लोकांच्या चर्चमध्ये दरवाजाच मिळायचा नाही. मग तिने स्वतःचा फलक रंगवला आणि पुढे जाऊन उभी राहिली. एकदा एका वसतिगृहाने तिच्यासारख्याच एका पोरीला रात्रीपुरतीही जागा दिली नाही, तर मर्टल चार महिने दर सोमवारी कौन्सिलमध्ये जाऊन बसली. शेवटी तिथले साहेब तिला लांबून बघूनच कपाळाला हात लावायचे. चार महिन्यांनी नियम बदलला. कागदावर दोन ओळींचा फरक होता, पण त्या दोन ओळींवर कितीतरी जण झोपायला जागा मिळवू शकले.

मंगळवारी जेवण झालं की कोणीतरी माझ्यासमोर बसायचं आणि आपलं सांगायचं. लंडनकडच्या ब्रॅकनेल गावी एका कंपनीत काम करणारी एक पोरगी ट्रेनने आली, माझ्यासमोर बसली, स्वतः निवडलेलं नाव तीनदा मोठ्याने म्हणाली आणि शेवटची ट्रेन चुकेल म्हणून निघून गेली. यासाठी जपून ठेवलेल्या कोऱ्या कॅसेटींतली एक भरली की मर्टल लगेच तिची टिकली मोडायची आणि तिच्यावर नंबर लिहायची. 'ही आता कोणाच्या बापाला पुसता येणार नाही,' असं म्हणायची.

तिचं स्वतःचं पुस्तक मात्र काटकसरीने चाललं होतं. नव्या कॅसेटी आता दुकानात मिळतच नव्हत्या. म्हणून ती जुन्या वस्तूंच्या दुकानातून गाण्यांच्या कॅसेटी पिशवी भरून आणायची. गाण्यांच्या विकतच्या कॅसेटींना टिकली नसतेच. मग सुनीती त्यांचं लेबल सोलायची, खळग्यावर चिकटपट्टी लावायची आणि पट्टीचं टोक जरासं दुमडून ठेवायची, पुढे काढायला सोपी जावी म्हणून. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणाऱ्या घरात वाढलेली ती. वस्तू वाया जाऊ देणं तिच्या रक्तात नव्हतं. चिकटपट्टी लागली की माझं बोट फसायचं. खळगा लागायचा नाही, आणि मी मुकाट्याने पुसायचो.

आता ती चूक ऐका.

मर्टलच्या फडताळात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात बटणं, रबरं, सुया आणि एक कॅसेट. कॅसेटला लेबल नव्हतं, टिकली मोडलेली होती. एका गुरुवारी मर्टल सातवं प्रकरण बोलायला बसणार होती. ते आईबद्दलचं होतं, लांबलचक होणार होतं, आणि तयार कॅसेटी संपल्या होत्या. मर्टल वर आंघोळीला गेली होती. सुनीतीला कोटाचं बटण शिवायचं होतं म्हणून तिने डबा उघडला, आणि तिला ती कॅसेट दिसली. लेबल सोललेली, टिकली नसलेली. तिला वाटलं, आपलीच गाण्याची कॅसेट इथे पडून राहिली. तिने चिकटपट्टी लावली, टोक दुमडलं, फीत सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळली आणि माझ्यात घातली.

मर्टल आली, चपला काढल्या, लाल बटण दाबलं आणि बोलू लागली. चाळीस मिनिटं बोलली. त्या दिवशी तिचा आवाज मला ओळखू आला नाही, इतका तो कडक होता. शेवटचं वाक्य होतं, 'माझ्या आईने मला आजवर एकदाही लेक म्हटलं नाही.' मग तिने मला बंद केलं आणि बराच वेळ हात माझ्यावरच ठेवला. सुनीतीने नंतर ते प्रकरण टाइप केलं, शेवटच्या वाक्यानंतर कानाचं यंत्र काढलं आणि कॅसेट खोक्यात ठेवली. इस्पितळातली तिची शिस्त होती की डॉक्टरांनी पत्रावर सही केल्याशिवाय टेप पुसायची नाही. पुस्तकाचं शेवटचं प्रूफ जाईपर्यंत सगळ्या कॅसेटी तशाच ठेवायच्या, असं तिने ठरवलं होतं. त्या शिस्तीचे माझ्यावर फार उपकार आहेत.

वर्षभराने प्रूफ आलं. शुक्रवारी ते परत पाठवायचं होतं. मंगळवारी दुपारी फोन वाजला. बेटावरून एका चुलतबहिणीचा होता. मर्टलची आई गेली होती. दोन दिवसांपूर्वी, झोपेत.

मर्टलने फोन ठेवला, तडक फडताळाकडे गेली आणि डबा टेबलावर पालथा केला. बटणं घरंगळत खाली गेली.

'सुनीती, यात एक कॅसेट होती.'

सुनीतीच्या हातात प्रूफाची पानं होती. ती तशीच राहिली.

'आईने पाठवलेली,' मर्टल म्हणाली. 'सात वर्षं झाली. मी पहिली तीन मिनिटं ऐकली. तीन मिनिटांत तिने ते जुनं नाव सहा वेळा घेतलं. सातव्यांदा घेतल्यावर मी बंद केली. लेबलवर पण तेच नाव होतं, तिच्या हातचं. ते सोलून टाकलं. पण पुसली जाऊ नये म्हणून टिकली मोडली. म्हटलं, ऐकीन कधीतरी. अंगात बळ आलं की.'

सुनीती खाली बसली. तिला खोटं बोलता आलं असतं. डबा कधी उघडलाच नाही असं म्हणाली असती तर कोणाला कळलं असतं? मी तर बोलू शकत नव्हतो. पण ती म्हणाली, 'मर्टल, मी घेतली ती. मला वाटलं गाण्यांची आहे. सातवं प्रकरण तिच्यावर आहे.'

मर्टलने तिच्याकडे पाहिलं. मग रेनकोट घातला आणि बाहेर गेली. सुनीती एकटी जमिनीवर बसून बटणं वेचत होती आणि रडत होती. तिच्या स्वतःच्या आईच्या कॅसेटी घरी बुटांच्या खोक्यात नीट रांगेने ठेवलेल्या होत्या. आईचा आवाज म्हणजे काय, हे या गावात तिच्याइतकं कोणाला कळत होतं? आणि माझं काय? पुसणारं डोकं माझं. मी त्या आईची चाळीस मिनिटं पुसली आणि त्यातला एक शब्दही मला ऐकू आला नव्हता.

दोन तासांनी मर्टल नदीकाठून परत आली, चिंब भिजून. तिने चपला काढल्या नाहीत.

'लाव ती.'

सुनीतीने आधी दुसरी बाजू लावली. ती कोरी होती, नुसती खरखर. मग पहिली. तिने फीत भराभर पुढे पळवायला बोट नेलं तर मर्टलने तिचा हात धरला. 'नाही. सुरुवातीपासून. एकदा मध्येच बंद केली ती चूक पुरे झाली.'

म्हणून त्या दोघी बसल्या आणि चाळीस मिनिटं मर्टलने मर्टलला ऐकलं. तो कडक आवाज, आईवरचा एकेक आरोप, दार लावल्याचा आवाज किती मोठा होता त्याचं वर्णन. मर्टलने मान खाली घातली होती. शेवटी ते वाक्य आलं, 'माझ्या आईने मला आजवर एकदाही लेक म्हटलं नाही.' खट् असा माझ्या बटणाचा आवाज झाला.

आणि त्याच्यापुढे, मित्रांनो, एक कोंबडी ओरडली.

सुनीतीने तोंडावर हात ठेवला. फितीच्या शेवटी न पुसलेली पाच मिनिटं शिल्लक होती. मर्टलच्या आईला बोलून झाल्यावर यंत्र बंद करता येत नव्हतं. ती आपली उठली होती आणि कामाला लागली होती, आणि फीत तशीच फिरत राहिली होती. भांडं ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. मग दाराशी कोणीतरी आलं.

'काय गं ऑगस्टीन, एवढा वेळ कोणाशी बोलत होतीस? मी दोनदा येऊन गेले.'

'माझ्या लेकीशी.'

'लेक कुठली? तुला तर मुलगा ना?'

पातेल्यावरचं झाकण तेवढं थडथडत होतं.

'मी पण तसंच म्हणत आले, आयव्ही. मघा सुरुवातीला पण तेच नाव तोंडात आलं. इतक्या वर्षांची सवय. पण लेक आहे. कार्डिफला असते. माझ्या बापासारखी उंच आहे, पायाच्या मापाच्या चपला मिळत नाहीत तिला.'

'मग बोलाव की तिला इकडे.'

'तेच तर सांगत होते तिला एवढा वेळ. ये म्हटलं. पत्र नको, काही नको, नुसती ये. बघू आता येते का... अगंबाई, हे चाक अजून फिरतंय बघ! आयव्ही, हे बंद कसं करतात?'

खट्.

मर्टलच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी विसरणार नाही. हसणं होतं की रडणं, माझ्यासारख्या आवाजाच्या जाणकारालाही सांगता आलं नाही. मग ती म्हणाली, 'सात वर्षं. सुनीती, ती सात वर्षं दाराकडे बघत होती.'

'मी पुसलं सगळं,' सुनीती म्हणाली. 'मला माफ कर म्हणायला पण तोंड नाही.'

'त्यातली सहा वर्षं ती माझ्याकडे न पुसलेली होती आणि मी ऐकली नाही. तुझ्यावर किती चिडू आणि स्वतःवर किती? चहा ठेव.' मग तिने कॅसेट माझ्यातून काढली आणि दुमडलेलं टोक धरून चिकटपट्टी हळूच सोलून टाकली.

शुक्रवारी प्रूफ गेलं नाही. प्रकाशक फोनवर बराच तडकला. मर्टलने सातव्या प्रकरणातला एकही शब्द बदलला नाही, फक्त शेवटी थोडं वाढवलं. 'आईने मला लेक म्हटलं. मला नव्हे, आयव्हीला. त्याआधी चाळीस मिनिटं ती माझ्याशी काय बोलली ते मला माहीत नाही. आता कोणालाच माहीत नाही.'

त्या हिवाळ्यात ती बेटावर गेली. बॅगेत कपडे कमी आणि मी जास्त. आयव्ही भेटली, काठी टेकत आली. त्या चाळीस मिनिटांत काय होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं. मर्टल आईच्या कबरीपाशी गवतात बसली, मला समोर ठेवलं, जपून ठेवलेली एक कोरी कॅसेट घातली आणि बोलली. चाळीस मिनिटं. ती काय बोलली ते मी सांगणार नाही, ते तिच्या आईसाठी होतं. बोलून झाल्यावर तिने मला बंद केलं नाही. वारा, कोंबड्या, लांबवर कोणाचा तरी रेडिओ, सगळं फीत संपेपर्यंत माझ्यात येत राहिलं. आणि मग तिने टिकली मोडली.

पुढे तिची आणखी दोन पुस्तकं झाली. जिथे तिला वाचनाला बोलवत तिथे ती मला घेऊन जायची, आणि वाचण्याऐवजी ती पाच मिनिटं लावायची. लंडनमधल्या हाउन्सलोच्या एका सभागृहात कार्यक्रम संपल्यावर विमानतळावर सामान चढवणारा एक आपल्याकडचा माणूस मागे थांबून राहिला होता. पिवळं जाकीट अंगात तसंच. तो म्हणाला, 'मॅडम, माझा मुलगा... म्हणजे आता... मी काय बोलू तिला? मला ते नवीन नाव जमत नाही. चुकतं.'

'चुकू दे,' मर्टल म्हणाली. 'माझ्या आईचं सात वेळा चुकलं. तू बोलत राहा. आणि तिला सांग, शेवटपर्यंत ऐक म्हणावं.'

तो बाहेर जाऊन बसथांब्यावर फोन कानाला लावून उभा राहिलेला मी काचेतून पाहिला. पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

मर्टल दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. इस्पितळात तिच्या मनगटावरच्या पट्टीवर तिचंच नाव होतं, मर्टल ऑगस्टीन. सुनीती शेवटपर्यंत उशाशी होती. मी पुन्हा सुनीतीच्या घरी आलो, पण या वेळी कपाटात नाही. हॉलमध्ये, फोटोंच्या शेजारी. मंगळवारी मात्र करमत नाही. पातेल्याचा आवाज, मोठ्याने हसणं, माझ्या डाव्या बाजूला टेकणारा तो गरम कप. मी कान लावून असतो, आणि खालच्या रस्त्यावरून नुसती बस जाते.

गेल्या शनिवारी ईशिता माझ्यासमोर येऊन बसली. शाळेत काय सांगायचं त्याची तयारी चालली होती. माझ्यात तीच कॅसेट होती, सुनीती तिला कधी बाहेर काढत नाही.

'आजी, मी माझा व्हॉइस रेकॉर्ड करते याच्यावर. क्लासला प्ले करीन,' असं म्हणून तिने सरळ लाल बटणावर अंगठा ठेवला आणि दाबला.

मित्रांनो, माझी फीत थिजली. सुनीती स्वयंपाकघरात होती, ती धावेपर्यंत उशीर झाला असता. शिल्लक काय होतं? पाच मिनिटं! पण माझं बारीक बोट पुढे गेलं, आणि त्याला खळगा लागला. रिकामा, उघडा खळगा. ईशिताने जोर लावला, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. मी बटण खाली जाऊ दिलं नाही.

'आजी, हा ब्रोकन आहे. रेड बटण जातच नाही.'

सुनीती दाराशी येऊन उभी राहिली होती. हाताला कणीक. तिचा चेहरा पांढरा पडला होता, तो हळूहळू उजळला. 'बिघडला नाही गं राणी,' ती म्हणाली. 'शहाणा झालाय. ये, बस इथे. आधी ऐक. कोंबडीपासून पुढे.'

ईशिताने ती पाच मिनिटं ऐकली. मग विचारलं, 'पण आजी, त्याच्या आधी ती काय बोलली?'

मर्टलला तो प्रश्न शेवटपर्यंत पडलेला होता आणि मलाही रोज पडतो. ती आई लेकीला कशी 'ये' म्हणाली असेल? दार लावल्याचं काही बोलली असेल का? की निम्मा वेळ नुसतं 'जेवतेस ना नीट?' विचारत होती? मीच ते पुसलं आणि मलाच ते ऐकायचंय. यंत्राला कसली आस, असं तुम्ही म्हणाल. पण आहे.

म्हणून आता ईशिता बोलायला उठण्याआधी तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्या घरातही कोणाचा तरी आवाज कुठेतरी पडून असेल. फोनमध्ये असेल, एखाद्या डब्यात असेल. पहिल्या वाक्यात तुमचं नाव चुकलं असेल, तुमचं मन दुखेल असं काही असेल. तरी बंद करू नका. त्याच्यावर नाव लिहून ठेवा, टिकली मोडा, आणि शेवटपर्यंत ऐका. आणि 'ये' असं कोणी म्हणालं असेल, तर वेळ आहे तोवर जा. मर्टलची आई सात वर्षं दाराकडे बघत होती.